चाकोरीची रुंदी

चाकोरी हा शब्द आज बहुधा कमीपणा दाखवण्यासाठी वापरला जातो. चाकोरीतले जगणे, चाकोरीबाहेरचा विचार अशा वापरात त्याचा मूळ अर्थ पार बुजून गेला आहे. बैलगाडीच्या दोन चाकांनी मातीच्या वाटेवर पाडलेल्या दोन चऱ्या म्हणजे चाकोरी. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्या वाटांवर पावसाळा ओसरताना या चऱ्या ओल्या मातीत खोल उमटत आणि थंडी पडेपर्यंत दगडासारख्या टणक होत. मग त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चाकांमधले अंतर त्या चऱ्यांशी जुळावेच लागे. चार बोटांचा फरक पडला तरी एक चाक चरीत आणि दुसरे उंचवट्यावर, अशी गाडी कलती चाले. जू एका बैलाच्या मानेवर दाबे आणि बिचारा संध्याकाळपर्यंत हैराण होई. गाडी करणारा सुतार म्हणूनच इतर मापांत थोडी ढिलाई खपवून घेई, पण धावेपासून धावेपर्यंतचे अंतर मात्र काठीवर खूण करून जपून ठेवी.

याच तालुक्यातून, आसनगाव आणि आटगाववरून कसाऱ्याकडे जाणारी रेल्वे ५ फूट ६ इंच रुंदीच्या रुळांवरून धावते. इंग्लंडमधल्या रुळांची रुंदी ४ फूट साडेआठ इंच आहे. इथे रूळ अधिक रुंद घेतले गेले, कारण पाया रुंद असेल तर डबा अधिक स्थिर राहतो. बैलगाडी काय, आगगाडी काय किंवा मोटार काय, हा हिशेब सर्वत्र एकच आहे. दोन चाकांमधल्या अंतराचे निम्मे एका पारड्यात आणि जमिनीपासून वजनाच्या मध्यबिंदूची उंची दुसऱ्या पारड्यात टाकावी. पहिले पारडे जितके भारी, तितकी गाडी वळणावर निश्चिंत.

मोटारीच्या जगात या अंतराला ट्रॅक म्हणतात आणि माहितीपुस्तकात ते एका आकड्याने दिलेले असते. मात्र काही मोटारी अशाही निपजल्या, की त्यांचा हा आकडा धावता धावता बदलत असे. तशी एक मोटार शहापूरच्या बाजारपेठेतील एका धान्यव्यापाऱ्यांच्या वखारीत, तांदळाच्या थप्प्यांच्या शेजारी, पन्नास वर्षे नांदली आहे. घरात सगळे ज्यांना दादाजी म्हणतात त्यांनी ती विकत घेतली, तेव्हाच ती दुसऱ्या हाताची होती. गाडीचे नाव स्टँडर्ड हेराल्ड, रंग फिकट निळा, दरवाजे चार.

हेराल्डचा जन्म १९५९ साली इंग्लंडमध्ये झाला, ट्रायम्फ या नावाने. तिची आकृती इटलीच्या जोव्हानी मिकेलॉटी यांनी रेखाटली. इतर मोटारींनी स्वतंत्र सांगाडा टाकून द्यायला सुरुवात केली होती, त्या काळात हेराल्डने तो ठेवला. तिचे पुढचे सगळे झाकण मगरीने जबडा उघडावा तसे पुढच्या बाजूस उघडते आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंना उभे राहून काम करता येते. ती अवघ्या २५ फुटांच्या वर्तुळात वळते. मुरबाडच्या बाजारातली गर्दी पाहिलेल्या माणसाला या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको. साठच्या दशकाच्या आरंभापासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीने ती भारतात बांधली. इंजिन ९४८ घनसेंटीमीटरचे, लहानखुरे. चार दरवाजांची हेराल्ड ही तर खास भारताचीच. इंग्लंडमध्ये ती कधी झालीच नाही.

याच सांगाड्याला आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही दोन आसनांची, उघड्या छताची मोटार काढली. जगभरच्या जुन्या क्रीडामोटारींच्या शौकिनांत आजही तिचे नाव प्रेमाने घेतले जाते. म्हणजे शहापूरच्या वखारीतली ती शांत, व्यापारी वळणाची गाडी एका नामांकित क्रीडामोटारीची सख्खी बहीण होती. दादाजींना याचा पत्ता नव्हता. त्यांच्या नातीला होता.

नात यंत्र अभियांत्रिकी शिकलेली, कल्याणच्या बाजूला नोकरीला जाणारी. ही गाडी पुन्हा नीट रस्त्यावर आणावी आणि स्वतः चालवावी, हा तिचा ध्यास. दादाजींनी किल्ली द्यायला नकार दिला नाही, पण एक अट घातली. “वळणात शिरण्याआधी वेग कमी कर. वळणात शिरल्यावर पाय उचलायचा नाही, ब्रेक तर नाहीच नाही. हे अंगात मुरल्याशिवाय कसारा घाटाकडे गाडी न्यायची नाही.” असे का, हे त्यांना सांगता येत नसे. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी हे बजावले होते आणि तेवढे त्यांना पुरेसे होते. त्यांची आणखी एक सवय घरात थट्टेचा विषय होती. एकटे जायचे असले, की ते मागच्या डिकीत पन्नास किलो तांदळाची गोणी टाकूनच निघत. धान्याच्या व्यापाऱ्याला रिकामी गाडी बघवत नाही, असे घरची मंडळी म्हणत आणि दादाजी ते हसून मान्य करत.

नातीला त्या दोन्ही गोष्टींमागचे कारण ठाऊक होते. ते गाडीच्या मागच्या आसात होते.

बैलगाडीचा आस हा एक सलग दांडा असतो आणि त्याच्या दोन टोकांना चाके. जुन्या फियाट-पद्मिनीचा किंवा अँबॅसेडरचा मागचा आसही अखेर तसाच: एक भक्कम पोलादी नळकांडे, मध्ये गिअरचा गोळा, आत फिरणारे दोन दांडे आणि टोकांना चाके. खड्ड्यात एक चाक गेले तर दुसरेही कलते, गाडी धडधडते, पण दोन चाकांमधले अंतर बदलत नाही. हेराल्डची रचना निराळी आहे. तिचा मधला गोळा सांगाड्याला पक्का बांधलेला. त्यातून निघणारे दोन अर्धदांडे गोळ्यापाशी सांध्यावर हलतात, खांद्यापासून दोन हात लोंबावेत तसे. वर आडवी टाकलेली पानांची एकच स्प्रिंग दोन्ही चाकांना तोलते. खड्ड्यात प्रत्येक चाक आपापले वरखाली होते, त्यामुळे बैठक मऊ. पण हात जसा खांद्याभोवती वर्तुळात फिरतो, तसे चाकही फिरते. मागचा भाग वर उचलला गेला की दोन्ही चाके खालच्या बाजूने आत दुमडतात आणि जमिनीवरची चाकोरी अरुंद होते.

वळणावर पाय उचलला की वजन पुढे झुकते आणि मागचा भाग हलका होऊन वर येतो. त्याच क्षणी बाहेरच्या चाकाला जमीन आत ढकलत असते. ते आत दुमडते आणि गाडीला आणखी वर उचलते. म्हणजे स्थैर्याच्या त्या हिशेबातली रुंदी घटते आणि उंची वाढते, दोन्ही एकदमच. टायर आपल्या कडेवर येतो, पकड सुटते आणि गाडीची शेपटी क्षणात बाजूला जाते. गाडीत चालक एकटाच असेल तर हे लवकर घडते, कारण मागे ओझे नसल्याने चाके आधीच थोडी आत कललेली असतात. मागे वजन पडले की ती सरळ होतात, किंचित बाहेरही फाकतात. पन्नास किलोची ती गोणी इतकी वर्षे हेच काम करत होती.

हा दोष एकट्या हेराल्डचा नव्हता. जर्मनीची फोक्सवॅगन बीटल आणि अमेरिकेची शेव्हरोले कॉर्व्हेर यांचे मागचे आस याच कुळातले. कॉर्व्हेरबद्दल राल्फ नेडर यांनी १९६५ साली आपल्या पुस्तकात जे लिहिले, त्यावरून अमेरिकेत मोठे वादळ उठले आणि मोटारींच्या सुरक्षिततेचा विषय पहिल्यांदा सर्वसामान्यांच्या बोलण्यात आला.

गाडीचे काम मुरबाडच्या एका मिस्त्रींकडे सोपवायचे ठरले. मिस्त्रींनी आयुष्यभर जीप आणि टेम्पो दुरुस्त केले. त्यांचे वडील सुतार होते; बैलगाड्या करत आणि पौषात म्हशाच्या जत्रेला, बैलांचा बाजार भरे तेव्हा, गाड्या व चाके घेऊन बसत. नातीने आपला बेत मांडला. पद्मिनीचा अखंड आस आणून हेराल्डखाली बसवायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने कायमचा निरोप घेतला. भंगारात तिचे आस मुबलक. शिवाय फितीने मोजले तर दोन्ही गाड्यांच्या मागच्या चाकांमधले अंतर जवळजवळ सारखे, चार फुटांच्या आसपास. बेत चांगला होता, आणि अगदी अनाठायीही नव्हता. खुद्द मद्रासच्या कंपनीने हेच केले होते. हेराल्डचा लोंबता आस इथल्या ग्राहकांना आणि मिस्त्री मंडळींना फारसा रुचला नाही, म्हणून १९७२ साली तिच्यावरूनच घडवलेल्या गॅझेल या गाडीला कंपनीने अखंड आस दिला. चार माणसांच्या जागी सहा बसवायची, वर सामान लादायची आपली रीत. त्या ओझ्याखाली हेराल्डची चाके फाकत आणि टायर आतल्या कडेने झिजत. अखंड आसाला ते दुखणे नाही.

मिस्त्रींनी ऐकून घेतले. मग त्यांनी गाडीच्या मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडेला फरशीवर खडूने रेघा मारल्या, मागचा भाग जॅकवर उचलला आणि पुन्हा खाली सोडला. गाडी खाली आली, पण चाके जागेवर आली नाहीत. ती आत दुमडलेलीच राहिली, रेघेपासून एकेका बाजूला दोन बोटे आत. गाडी चार पावले मागेपुढे ढकलली तेव्हा कुठे ती हळूहळू फाकली आणि मूळ मापाला आली.

“आता सांग, फितीने कुठलं माप घेतलंस?” मिस्त्री म्हणाले. “उभ्या गाडीचं. आमचे वडील रिकाम्या गाडीचं माप कधी घेत नसत. भाताची पोती लादायची, मग काठी लावायची. लाकडाचा आस ओझ्याखाली वाकतो, चाकं हलतात. चरीत काय रिकामी गाडी चालायचीय?”

नातीला हे पुस्तकातून ठाऊक होते, तरी खडूची रेघ पाहिल्यावर ती थोडा वेळ बोलली नाही. मिस्त्रींचा आक्षेप पुढे होता. अखंड आसाने अंतर कायम राहील हे खरे, पण तो आस धरणार कोण? पद्मिनीखाली तो दोन लांब स्प्रिंगांवर बसतो आणि त्या स्प्रिंगा गाडीच्या दोन कडांना टांगलेल्या असतात. हेराल्डचा सांगाडा मध्यावर पाठीच्या कण्यासारखा. तिच्या कडांना तसा आधारच नाही. तो नव्याने वेल्डिंगने जोडावा लागेल. “वेल्डिंग मी करीन, चांगलं करीन. पण साठ वर्षांच्या पत्र्याला विचारल्याशिवाय करणार नाही.” गॅझेलचा मूळ आस मिळाला असता तर गोष्ट वेगळी. गॅझेली मुळातच थोड्या बनल्या आणि १९७७ च्या सुमारास बंद झाल्या.

यात कायद्याचाही एक पदर होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. त्यातच २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. अशा गाडीला व्हीए अक्षरांची खास पाटी मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये. अट अशी, की सांगाडा, वरची बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. सांगाड्याला आधार जोडले की हा मार्ग बंद. नातीच्या मनात ती पाटी होती. दादाजींनी मात्र नियमाची दुसरी बाजू वाचून घेतली: अशी गाडी प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणे किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. “म्हणजे मुरबाडला बहिणीकडे जायचं तर प्रदर्शन भरवायचं का?” त्यांनी विचारले. पाटीचा विषय तिथेच थांबला, निदान दादाजी आहेत तोवर. पण सांगाड्याला हात लावायचा नाही, हे त्यातूनच पक्के झाले. पुढे कधी वाटले तर वाट मोकळी असावी.

राहिला तिसरा उपाय, आणि तो स्पिटफायरच्या घरचा. इंग्रज अभियंत्यांनी लोंबता आस टाकला नाही, त्याला वळण लावले. १९७० च्या स्पिटफायरमध्ये त्यांनी आडवी स्प्रिंग बदलली. पूर्वी सगळी पाने गोळ्यावर आवळून बांधलेली असत. आता एकच पान पक्के ठेवले आणि बाकीची मध्यावर तराजूच्या दांडीसारखी डोलती केली. वळणावर गाडी कलली की दांडी नुसती डोलते, चाकाला आत दाबत नाही. दोन्ही चाके एकत्र खाली दबली तर मात्र सगळी पाने मिळून वजन तोलतात. मागचा कलण्याविरुद्धचा ताठरपणा असा कमी झाला म्हणून पुढे अधिक जाड दांडी घातली. पुढे १९७३ च्या सुमारास अर्धदांडे प्रत्येकी सुमारे एक इंच लांब करून मागच्या चाकांमधले अंतर दोन इंचांनी वाढवले. दोन इंच म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण हात लांब झाला की तेवढ्याच उचलीला कोन लहान होतो, चाक कमी दुमडते, आणि रुंदी वाढली ती वेगळीच.

चाके बाहेर काढण्याचा एक स्वस्त मार्ग बाजारात नेहमीच असतो: चाक आणि ड्रम यांच्या मध्ये जाड चकती घालायची. उत्साही तरुणांच्या जीपना अशा चकत्या सर्रास दिसतात. गाडी रुबाबदार दिसते, पण चाक बाहेर जाते आणि बेअरिंग असते तिथेच राहते. काखेतला बोजा हात लांब करून धरल्यासारखे ते आहे. हेराल्डचे बाहेरचे बेअरिंग आणि अर्धदांडे आधीच नाजूक. नातीने हा पर्याय कागदावर लिहून लगेच खोडला होता. मिस्त्रींनी तो उच्चारलाही नाही.

इंग्लंडमध्ये जुन्या ट्रायम्फचे सुटे भाग अजून मिळतात. डोलती स्प्रिंग, लांब अर्धदांडे आणि पुढची जाड दांडी, असे सगळे मागवायला नातीच्या तीन महिन्यांच्या पगारातला मोठा हिस्सा गेला. जकात वेगळी. घरात त्यावर थोडी कुरबूर झाली. तेवढ्या पैशांत एक वापरलेली लहान गाडी आली असती, हे काकांचे म्हणणे चुकीचेही नव्हते. दादाजी त्या संभाषणात पडले नाहीत. दुसऱ्या दिवशी जकातीचे पैसे त्यांनी नातीच्या पाकिटाखाली ठेवून दिले.

पेटी उघडल्यावर नवी अडचण निघाली. स्प्रिंग स्पिटफायरची, म्हणजे दोन माणसांच्या हलक्या गाडीची. चार दरवाजांची हेराल्ड घरच्या माणसांनी भरली की ती बसणारच. कल्याणला पाने करणाऱ्या एका कारागिराकडून एक जादा पान करून घेतले. मिस्त्री स्वतः तिथे बसून राहिले आणि पानाची कमान दोनदा बदलून घेतली. मागच्या आसनाखालचे झाकण नव्या, उंच स्प्रिंगेला अडू लागले, तेव्हा त्यावर पत्र्याचा फुगीर डबा बसवला. चाके बाहेर आल्यामुळे भरल्या गाडीत टायर मडगार्डच्या कडेला घासू लागला. ती कड लाकडी हातोडीने हळूहळू आत वळवायला एक सबंध दुपार लागली. अशी कामे कुणाच्या हिशेबात नसतात आणि खरा वेळ तीच खातात.

माप घ्यायची वेळ आली तेव्हा मिस्त्रींनी गाडीत माणसे बसवली. पुढे नात आणि दादाजी, मागे मिस्त्रींची दोन मुले. मग फरशीवर रेघा मारल्या, सगळ्यांना उतरवून पुन्हा मारल्या, जॅकवर उचलून, खाली सोडून, ढकलून तिसऱ्यांदा मारल्या. तीन रेघांमधले अंतर पूर्वीपेक्षा बरेच कमी झाले होते, पण नाहीसे झाले नव्हते. ते नाहीसे होणारही नव्हते. लोंबता आस तो लोंबताच. नातीने तिन्ही मापे वहीत लिहिली आणि खाली दादाजींची अट, त्यांच्याच शब्दांत.

किन्हवलीच्या रस्त्याने गाडी शहापूरला परत आली ती नातीने चालवत. दादाजी शेजारी बसले होते, हात मांडीवर. एका लांब उतरत्या वळणाआधी तिने वेग कमी केला, मग वळण संपेपर्यंत पाय तसाच ठेवला. मागचा भाग उचलला गेला नाही. दादाजींनी काही म्हटले नाही. घरी पोचल्यावर किल्ली त्यांनी परत मागितली नाही, एवढेच.

मिस्त्रींच्या मते आता डिकीत वजनाची गरज नाही. दादाजी एकटे निघतात तेव्हा तांदळाची गोणी तरीही असते, फक्त पन्नासच्या जागी पंचवीस किलोची.